सगळे झोपल्यावरचा पाळणा

दुकानात पाळणा दिवसाउजेडी बघितला जातो. वर पांढरे दिवे, आत लेसची झालर, चारही बाजूंना गुबगुबीत कापडी लोड, डोक्याशी तळहाताएवढी उशी, पायाशी एक कापडी अस्वल. विकणारा मुलगा एका बोटानं पाळणा हलवून दाखवतो आणि आपल्या डोळ्यांपुढे त्यात झोपलेलं नातवंड उभं राहतं. पण पाळण्याची खरी वेळ रात्री अडीच-तीनची. बाळाला पाजून बाळंतीण नुकतीच आडवी झालेली असते, दिवसभराच्या तेल-अंघोळीनं, शेक-शेगडीनं थकलेल्या आजीचा डोळा लागलेला असतो, दिवा मालवलेला असतो. त्या तासा-दोन तासांत बाळावर कुणाचीही नजर नसते. बाळ असतं आणि त्याच्या अंगाखालचं अंथरूण असतं.

लेकीसाठी पाळणा शोधताना मी हीच वेळ मनाशी धरली. रंग, चाकं, गाणी वाजवणारं यंत्र, खालचा सामान ठेवायचा कप्पा, हे सगळं नंतर. आधी एवढंच, की घरातले सगळे झोपलेले असताना यात बाळ सुखरूप राहील का? ज्या घरात लवकरच बाळ येणार आहे त्यांनीही पहिल्यांदा हेच विचारावं असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

लेक पुण्यात नोकरी करते. पहिलं बाळंतपण माहेरी या रीतीनं ती आठव्या महिन्यात सांगलीला आली. आमचं घर गावभागात, जुन्या पद्धतीचं. सासूबाई नव्वदीकडे झुकलेल्या, म्हणजे येणाऱ्या बाळाची पणजी. मी पाळण्याचा विषय काढला तशी त्यांनी माळ्याकडे बोट दाखवलं. "घरात पाळणा असताना बाजारात कशाला जायचं? तुझी लेक त्यातच वाढली न्हवं का?"

त्यांचं खरं होतं. सागवानी पाळणा, कातीव गज, पितळी कड्या, हाताएवढ्या जाड साखळ्या. माझ्या मुलीनं त्यातच डोळे उघडले, त्याआधी तिच्या वडिलांनी. मला तो काढून टाकायचा नव्हता. खाली उतरवून पुसायला घेतला, तेव्हा 2019 चा ऑगस्ट आठवला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आणि पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं. आमच्या तळमजल्यात दिवसच्या दिवस पाणी होतं आणि हा पाळणा त्या पाण्यात उभा होता. नंतर वाळवून माळ्यावर टाकला, पण लाकूड एकदा फुगून आकसलं की सांधे पहिल्यासारखे राहत नाहीत. दोन गज हातानं फिरत होते. शिवाय गजांमधलं अंतर. नवजात बाळाच्या पाळण्यात दोन गजांमध्ये 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा नको; अमेरिकेतल्या नियमात ते 2 3/8 इंच धरलंय, म्हणजे तेवढंच. कारण समजलं की आकडा विसरत नाही. बाळाचं धड लहान आणि डोकं मोठं. फट रुंद असेल तर पाय, कंबर, छाती बाहेर सरकते आणि डोकं आत अडकतं. आमच्या पाळण्यात माझी चार बोटं सहज आडवी जात होती. रंगाचंही तेच. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त असू नये हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. आमच्या पाळण्यावरचा हिरवा ऑइलपेंट त्याच्या किती तरी आधीचा, आणि पुरानंतर त्याचे पोपडे निघत होते.

सासूबाईंना हे सांगणं सोपं नव्हतं, आणि सोपं असूही नये. त्या पाळण्यामागे एक शहाणपण होतं आणि ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. त्यांचं माहेर शिराळ्याकडचं. घरं मातीची, जमीन सारवलेली, पावसाळ्यात ओल, शेताकडून येणारे विंचू-साप, मुंग्या, उंदीर. तिथं तान्ह्या पोराला जमिनीवर ठेवणं म्हणजेच धोका. म्हणून पाळणा तुळईला टांगायचा. आणि त्याच्या आजूबाजूला माणसं असायची. एक जाऊ दळतेय, एक निवडतेय, सासू माजघरात बसलेली, मोठी पोरगी दोरी हातात धरून बसलेली. पाचवीच्या रात्री तर बायका ठरवून जागायच्या. सटवाई येऊन नशीब लिहून जाते म्हणायचे, दिवा रात्रभर तेवत ठेवायचा. त्या नाजूक दिवसांत बाळाजवळ कुणीतरी जागं हवं, हे त्या रीतीनं पक्कं करून ठेवलं होतं.

तो पाळणा डोळ्यांच्या भरवशावर चालायचा. गजातून पाय बाहेर आला तर कुणीतरी आत घ्यायचं, दुपटं तोंडावर आलं तर कुणीतरी बाजूला करायचं. माझ्या लेकीच्या पुण्यातल्या दोन खोल्यांत रात्री ती आणि जावई, दोघंच. दोघंही दमलेले. त्यांचा पाळणा त्यांच्या झोपेच्या भरवशावर चालला पाहिजे. मी हे असंच सासूबाईंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "रात्रीचं खरं हाय तुझं. पण बारसं याच पाळण्यात करायचं." मी लगेच कबूल केलं. बारशाला बाळ जागं असतं, भोवती पन्नास बायका असतात, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत पाळण्याखालून-वरून बाळ हातोहात फिरत असतं. फिरणारे गज मिस्त्रीकडून घट्ट करून घेतले, रंग खरवडून लाकूड उघडं ठेवलं. पाळणा राहिला आणि रात्रीचं काम त्याच्याकडून काढून घेतलं.

दुसरी अडचण वेगळीच होती. बाळ जन्मायच्या आधी पाळणा घरात आणू नये, ही सासूबाईंची अट. लेक थोडी चिडली. मला ती अट मोडावीशी वाटली नाही. नवव्या महिन्यातल्या घरात आधीच पुष्कळ धाकधूक असते, तिच्यात भर कशाला घाला? पण निवडायचं काम पुढं ढकलून चालणार नव्हतं. बाळ झाल्यावर घाईत माणूस दिसेल ते उचलतो. आम्ही पाळणा आधी बघून, मोजून, पैसे देऊन ठेवला, आणि बाळ झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानातून आणला. दुकानदाराला हे नवीन नव्हतं, सांगलीत असं ठेवायला सांगणारे पुष्कळ आहेत म्हणाला.

आता पलंगाला लावायच्या पाळण्याबद्दल. बेडसाइड क्रिब म्हणून जो मिळतो तो. त्याची एक बाजू खाली होते, आईच्या गादीला तो चिकटवायचा, पट्ट्यांनी पलंगाला बांधायचा, आणि आईनं नुसता हात लांबवला की बाळ हाताशी. कल्पना फार चांगली आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं 2022 साली जो सल्ला नव्यानं दिला त्यातही हेच आहे, की निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्या खोलीत, त्यांच्या पलंगाजवळ असावं, पण त्याचं अंथरूण वेगळं असावं. सिझर झालं असेल तर आईला रात्री उठून, वाकून, टाक्यांवर ताण देऊन बाळ उचलावं लागत नाही, ही केवढी मोठी सोय. लेकीचा जीव याच पाळण्यावर होता, आणि माझाही.

पण हा पाळणा एकटा चांगला असून भागत नाही, तो आपल्या पलंगाशी जुळावा लागतो. ही गोष्ट दुकानात कुणीच सांगत नाही. आमच्याकडचा पलंग खाली कप्पे असलेला, पेटीसारखा. गादी खाली बसते आणि भोवती लाकडी काठ वर राहतो. तो काठ मधे आला की पाळण्याची गादी आणि आपली गादी एकमेकींना भिडतच नाहीत, मधे एक सांद राहते. नवजात बाळाला मानेवर ताबा नसतो. अशा सांदीत तोंड खाली घालून ते सरकलं तर त्याला स्वतःला सोडवून घेता येत नाही. दुसरं म्हणजे पट्टे. हे पट्टे आपल्या गादीखालून पलीकडच्या बाजूपर्यंत जाऊन पलंगाच्या चौकटीला आवळायचे असतात. पेटीच्या पलंगाला पट्टा ओवायला जागाच नाही. आणि आपली कापसाची गादी काठावर बसलं की दबते. दिवसा उंची जुळवली तरी रात्री आई कडेला सरकली की ती खाली जाते, पाळणा वर राहतो. युरोपात 2019 साली लहान पाळण्यांचं जे मानक आलं, त्यात पलंगाकडची बाजू खाली केली तरी तिथं किमान 12 सेंटिमीटरचा कठडा उरलाच पाहिजे असं घातलंय. ते वाचल्यावर मी दुकानातला एक पाळणा मुद्दाम उघडून पाहिला, तर त्याची बाजू पूर्ण खाली, गादीच्या पातळीला. लोळत लोळत बाळ आईच्या पांघरुणात जाईल अशी. दुकानदार हीच त्याची खुबी म्हणून सांगत होता. तो मी घेतला नाही.

शेवटी आम्ही असं ठरवलं. पाळणा पलंगाशेजारी लावता येईल एवढ्या उंचीचा घ्यायचा, आणि आमच्या घरी चारही बाजू वर ठेवून नुसता शेजारी उभा करायचा, पलंगाला खेटून. पुण्याला लेकीचा पलंग चार पायांचा आहे, गादी चौकटीच्या वर येते, तिथं पट्टे नीट बसतील तेव्हा बाजू खाली करायची. चारही बाजू वर असतानाही लेकीचा हात बाळाच्या छातीवर पोचत होता. पाजायला तिला उठून बसावं लागे एवढंच. पहिले काही दिवस टाके असताना मी किंवा तिचे वडील उचलून देत होतो. हात पोचण्यासाठी बाजू उघडी असलीच पाहिजे असं नाही, हे वापरून बघितल्यावर आम्हाला पटलं.

गादीचा विषय आला की मला थांबवत नाही. कारण इथंच आपलं प्रेम आडवं येतं. बाळासाठी मऊ हवं, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. सासूबाईंनी नवा कापूस पिंजून घेऊन छोटी गादी करायची म्हणून पिंजाऱ्याला निरोपसुद्धा धाडला होता. नवी पिंजलेली गादी फुलासारखी मऊ असते, आणि तीच नको. तान्ह्याचं तोंड मऊ गादीत रुतलं की नाकाशी एक खळगा तयार होतो. त्यात त्याचीच सोडलेली हवा साठते आणि तीच परत आत जाते. मोठ्या माणसाला अशा वेळी झोपेतसुद्धा गुदमरल्याची जाणीव होते, आपण मान वळवतो. पहिल्या काही महिन्यांत ही जाग येण्याची शक्ती बाळात पुरती तयार झालेली नसते. म्हणून गादी घट्ट हवी, सपाट हवी, पाळण्याच्या मापाची हवी. कडेला आणि गादीला मधे दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. मी तळहात दाबून उचलला, गादीवर खूण राहिली नाही, ती घेतली. वर एक सुती चादर, ताणून बसवलेली. बाकी काही नाही.

हे 'बाकी काही नाही' पाळणं सर्वांत अवघड गेलं. बाळंतविडा आला. आत्यानं शिवलेली गोधडी, मामीची दुपटी, मोहरीची उशी, डोक्याचा आकार गोल व्हावा म्हणून मधे खळगा असलेली आणखी एक उशी, पाळण्याच्या चारही कडांना बांधायचे कापडी लोड, वर टांगायचं चिमण्यांचं झुंबर. प्रत्येक वस्तूत कुणाचा तरी जीव गुंतलेला. त्या सगळ्या बाळावरच्या मायेपोटी आलेल्या, आणि त्यातली एकही रात्री पाळण्यात ठेवण्यासारखी नव्हती. कडेचे लोड तर अमेरिकेत 2022 च्या कायद्यानं विकायलाच बंदी झाली आहे. तिथं दर वर्षी साधारण 3,500 तान्ही बाळं झोपेशी संबंधित कारणांनी दगावतात, त्या अनुभवातून हे नियम आले. गोधडी मी लेकीच्या मांडीवर दिली, पाजताना बाळाखाली घ्यायला. दुपटी गुंडाळायला कामी आली, तीही खांद्यांच्या खालीच आणि कंबरेला सैल. मोहरीच्या उशीवर मात्र बरंच बोलणं झालं. डोकं एकाच बाजूला चपटं होऊ नये ही काळजी रास्त आहे. त्यासाठी बाळ जागं असताना, आपण समोर बसून, त्याला थोडा थोडा वेळ पालथं झोपवायचं, आणि रात्री त्याचं डोकं कधी पाळण्याच्या या टोकाला, कधी त्या टोकाला ठेवायचं, म्हणजे उजेडाकडे मान वळवताना ते दोन्ही बाजूंना वळवतं. उशीची गरज उरत नाही. आत्याबाईंना हे फोनवर समजावताना लेकीचा आवाज कापत होता. त्यांना वाईट वाटलं असेल, पण नंतर त्यांनीच विचारलं, "मग मी काय शिवून देऊ?" लेक म्हणाली, "आत्या, झबली द्या. सुती, पातळ, पुष्कळ."

उताणं झोपवण्याबद्दल आमच्या घरात वाद नव्हता, कारण आपल्याकडे बाळाला उताणंच झोपवतात. शंका एकच होती, ओकारी आली तर दूध नाकात जाईल, गुदमरेल, त्यापेक्षा कुशीवर ठेवावं. ही भीती घरोघरी आहे. शरीराची रचना मात्र उलट सांगते. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायचं तर त्याला चढून जावं लागेल. पालथं असताना हे उलटं होतं, अन्ननलिका वर येते आणि दूध श्वासनलिकेच्या तोंडाशी साठू शकतं. कुशीवर ठेवलेलं बाळ तर नकळत पालथं पडतं. पाश्चात्त्य देशांत कित्येक वर्षं डॉक्टरच पालथं झोपवायला सांगत. 1985 साली हाँगकाँगमधून एका डॉक्टरांनी लिहिलं की तिथं तान्ह्या बाळांचे पाळण्यात झोपेतच अचानक होणारे मृत्यू फार कमी आहेत, आणि तिथली बाळं रीतीनं उताणी झोपवली जातात. पुढं इंग्लंडमध्ये 1991 पासून आणि अमेरिकेत 1994 पासून उताणं झोपवा अशी मोहीम निघाली आणि अमेरिकेत हे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मी हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांना आनंद झाला. "मंजी आमचं बराबर होतं," म्हणाल्या. बरोबरच होतं, आणि हे त्यांना त्यांच्या हयातीत कुणीतरी सांगायला हवं होतं.

झोळीचं तसं नाही. साडीची झोळी बांधली की रडणारं बाळ दोन मिनिटांत शांत होतं, हे कुठल्याही आईला माहीत आहे, आणि दुपारी कुणी शेजारी बसलेलं असेल तर तिला मी वाईट म्हणणार नाही. पण झोळीत पाठीची कमान होते, हनुवटी छातीला टेकते, आणि नवजात बाळाची श्वासाची वाट मऊ रबरी नळीएवढी अरुंद, ती अशा बाकात दबू शकते. हाच दोष तिरप्या पाठीच्या झोपवण्याच्या खुर्च्यांमध्ये सापडला. अमेरिकेत 2019 साली फिशर-प्राइस कंपनीला तिच्या अशा 47 लाख खुर्च्या परत मागवाव्या लागल्या आणि 2022 च्या कायद्यानं 10 अंशांपेक्षा जास्त उतार असलेलं बाळाच्या झोपेचं साधन विकायलाच मनाई झाली. आपल्याकडे ऑनलाइन अजून तशा वस्तू दिसतात, 'दूध ओकणाऱ्या बाळांसाठी' असं लिहून. रात्रीच्या झोपेसाठी त्या घेऊ नका. झुलणारा पाळणा घेतला तरी त्याला झोका थांबवणारी खिट्टी आहे का आणि ती खरंच घट्ट बसते का, ते हलवून बघा. पाळणा किंचित कलला तरी बाळ उताराकडे घरंगळतं आणि कडेला तोंड लावून पडतं.

एक गोष्ट सगळ्या बाळंतिणींना सांगावीशी वाटते. पाजता पाजता डोळा लागतो. लागणारच. त्यात अपराध नाही. मात्र तो कुठं लागतो याचा विचार आधी करून ठेवावा. सोफ्यावर, आरामखुर्चीत, झोपाळ्यावर बसून पाजताना डोळा लागणं पलंगावर लागण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं. बाळ हात आणि गादीच्या बेचक्यात जातं आणि कुणाला कळत नाही. झोप अनावर असेल तर पलंगावरच पाजावं, उशा-पांघरुणं आधी दूर सारावीत, आणि जाग आल्या आल्या बाळाला त्याच्या जागी ठेवावं. बाळ 37 आठवड्यांच्या आधी जन्मलेलं असेल, वजन अडीच किलोच्या खाली असेल, किंवा आईला झोप आणणारं औषध चालू असेल तर ही काळजी दुपटीनं घ्यावी. घरातल्या कुणी दारू घेतली असेल तर त्या रात्री बाळ त्या पलंगावर नकोच.

न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळच्या माओरी लोकांत बाळाला कुशीत घेऊन झोपायची रीत आहे. ती मोडा म्हणून सांगण्याऐवजी तिथल्या माओरी डॉक्टरांनी आणि विणकरांनी 2006 च्या सुमाराला पातीपासून विणलेली एक टोपली पुढं आणली, वहाकुरा. बाळ आईवडिलांच्या पलंगावरच, पण स्वतःच्या टोपलीत. ही गोष्ट वाचून मला फार बरं वाटलं. आपल्याकडेही कित्येक घरं खाली अंथरूण घालून झोपतात, तिथं पलंगाला लावायचा पाळणा काय कामाचा? तिथं आईच्या अंथरुणाशेजारी, भिंतीपासून दूर, बाळाचं स्वतंत्र घट्ट सपाट अंथरूण हेच खरं उत्तर. महागड्या पाळण्याशिवाय बाळ सुरक्षित राहत नाही असं कुणी समजू नये.

आमचं बाळ मे महिन्यात आलं. मुलगी. उन्हाळा म्हणजे सांगलीचा, रात्रीही भिंती गरम. तरी तिला कुंची, टोपडं, दोन दुपटी घालायचा आग्रह शेजारून होतच होता. बाळ डोक्यावाटे उष्णता बाहेर टाकतं. घरात, झोपेत टोपडं नको. मानेला किंवा छातीला हात लावून पाहायचं, घाम असेल तर एक कपडा कमी. पंखा चालू ठेवला, थेट तोंडावर वारा येणार नाही असा. निखाऱ्यांची शेगडी आणि धुरी खोलीत येऊ दिली नाही. बंद खोलीत निखाऱ्याचा वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि तो जीव घेतो. सासूबाईंनी शेकाला गरम पाण्याची पिशवी चालवून घेतली.

मग पाऊस आणि डास. गावभागात नदीकडून संध्याकाळी जे डास येतात ते सांगायला नकोत. कॉइल आणि अगरबत्तीचा धूर बाळाच्या खोलीत वर्ज्य, मग उरली मच्छरदाणी. छत्रीसारखी उघडणारी छोटी जाळी सैल पडून बाळाच्या तोंडावर येऊ शकते, ती आम्ही घेतली नाही. पाळण्याच्या चौकटीवर ताणून बसणारी, खाली पट्टीनं आवळणारी जाळी शिवून घेतली. तिची एकही नाडी आत लोंबत नाही हे रोज रात्री बघायचं काम आजोबांनी स्वतःकडे घेतलं, आणि त्यांनी ते एकदाही दुसऱ्यावर टाकलं नाही.

गणपती बसले त्या सुमाराला ती पालथी पडायची खटपट करू लागली. हा पाळणा तेवढ्यापुरताच. बाळ कुशीवर वळायला किंवा हातांवर छाती उचलायला लागलं की त्याची बुटकी बाजू पुरत नाही. वजनाची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते, पण वजन त्या आकड्याला पोचायच्या आधीच बहुतेक बाळं वळायला लागतात, तेव्हा वजनाची वाट पाहू नये. गुंडाळणंही त्याच दिवशी बंद. पुण्यात आता उंच कठड्याची मोठी कॉट येते आहे. तिच्या मापांचा कागद लेकीनं स्वतः केला, गजांतलं अंतर, गादीची फट, कोपऱ्याचे खांब कठड्याच्या वर न येणारे, कारण त्यात झबल्याचा गळा अडकतो. खाली सरकणारी बाजू नको हे तिनं लाल पेनानं लिहिलंय; तशा कॉट अमेरिकेत 2011 पासून विकता येत नाहीत, बिजागरी निसटून फट पडते म्हणून.

आमचा लहान पाळणा आता विट्याला भाचीकडे जाणार आहे, तिला नववा लागलाय. दुसऱ्याचा पाळणा घेताना लोक कापड धुतात आणि झालं समजतात. मी सगळे स्क्रू पुन्हा आवळून घेतले, खिट्ट्या दहा वेळा उघडून मिटून बघितल्या, पट्टे आणि पुस्तिका एका पिशवीत घालून चौकटीलाच बांधून ठेवली. गादी मूळचीच दिली आहे, आणि तिच्यावर आणखी गादी घालू नकोस असं तिला बजावलं आहे. मच्छरदाणीच्या एका पट्टीचा ताण कमी झालाय, तो शिंप्याकडे आहे. भाचीचा पलंग पेटीचा की पायांचा ते तिला फोनवर नीट सांगता येईना, म्हणून रविवारी टेप घेऊन मीच विट्याला जाते आहे.